घडीच्या चाकूचं पोलाद: मुंबई १७९४ ते तुमचा खिसा

बोललेला भाग नेहमीप्रमाणे इथे लिहून टाकतोय, थोडा नीटनेटका करून. विषय आहे घडीचा चाकू. ट्रेकला न्यायला एक घ्यायचाय, पण वेबसाइटवर पोलादाची नावं वायफायच्या पासवर्डसारखी दिसतात. त्यात परत 'ग्राइंड' नावाची भानगड. मी ठरवलं की स्पेक-शीट वाचण्याआधी ती कुठून आली ते बघू. आणि गोष्ट निघाली थेट मुंबईतून.

१७९४ च्या सुमारास मुंबईत हेलेनस स्कॉट नावाचा कंपनी सरकारचा डॉक्टर होता. त्याने लंडनला रॉयल सोसायटीच्या जोसेफ बँक्सकडे इथल्या पोलादाचे नमुने पाठवले. हे 'वुट्झ', म्हणजे दक्षिण भारतात बंद मुशीत वितळवून केलेलं पोलाद. लंडनमध्ये जेम्स स्टोडार्ट नावाचा हत्यारं घडवणारा कारागीर होता. त्याने त्या तुकड्यातून काय घडवलं माहितीय? तलवार नाही. लेखणी तासायचा छोटा चाकू! आणि तो उत्तम इंग्रजी पोलादाइतकाच छान कापायचा, अशी नोंद १७९५ च्या शोधनिबंधात आहे.

वुट्झमध्ये कार्बन साधारण दीड टक्का. पोलादात कार्बन वाढला की पाणी दिल्यावर पातं जास्त कडक होतं आणि धार टिकते. पण त्याच वेळी ते ठिसूळ होतं, आणि गंजाचा प्रश्न तसाच राहतो. स्टोडार्टला वुट्झचं असं वेड लागलं की पुढे त्याने मायकल फॅरेडेला (हो, विजेवाला फॅरेडे) सोबत घेऊन पोलादात वेगवेगळे धातू मिसळून बघितले. १८२२ पर्यंत त्यात क्रोमियमसुद्धा आलं होतं. मात्र प्रमाण इतकं कमी की गंज थांबेना.

गंज थांबला शेफिल्डमध्ये, १९१३ साली. हॅरी ब्रिअर्ली खरं तर बंदुकीची नळी आतून झिजते त्यावर उपाय शोधत होता. त्याच्या मिश्रणात क्रोमियम १२.८ टक्के होतं, कार्बन फक्त ०.२४. त्यावर ॲसिडचा परिणाम होत नाही हे बघून त्याच्या डोक्यात सुऱ्या आल्या. कंपनीला त्यात फार रस नव्हता. सुरुवातीची पाती बोथट राहायची, कारण कारागीर त्यांना साध्या पोलादासारखंच तापवून पाणी द्यायचे आणि या पोलादाला जास्त तापमान लागायचं. शहरात ब्रिअर्लीची थट्टा झाली: न कापणारा चाकू शोधणारा माणूस! शेवटी अर्नेस्ट स्टुअर्ट या सुरी-कारखान्यातल्या माणसाने व्हिनेगरमध्ये पातं तपासलं आणि 'स्टेनलेस' हे नाव सुचवलं. श्रेय आणि हक्कावरून वाद होऊन ब्रिअर्ली १९१५ मध्ये प्रयोगशाळेतून बाहेर पडला. (ऑफिसात काम करणाऱ्यांना ही गोष्ट नवीन वाटणार नाही.)

'स्टेनलेस म्हणजे धार टिकत नाही' हा समज तिथून चालत आलाय. आज तो अर्धाच खरा आहे. ओपिनेलच्या स्टेनलेस पात्यात कार्बन ब्रिअर्लीच्या दुपटीहून जास्त असतो.

आता ग्राइंड. चाकू उघडा आणि टोकाकडून पात्याकडे बघा. वरची जाड बाजू म्हणजे पाठ. पाठीपासून धारेपर्यंत पातं कसं निमुळतं होतं, तो ग्राइंड. सरळ उतरत गेलं तर सपाट. दोन्ही गाल आत खोलगट गेले असतील तर 'हॉलो'. बाहेर किंचित फुगलेले असतील, कुऱ्हाडीसारखे, तर फुगीर, म्हणजे 'कॉन्व्हेक्स'.

हॉलो हा आकार चाकामुळे आला. गोल सहाणेच्या कडेवर पातं टेकवलं की चाकाची गोलाई पात्यात उतरते. वस्तऱ्याला असा पातळ गाल हवाच असतो. पण ती चाकं वाळूच्या दगडाची होती, आणि शेफिल्डचे कामगार दिवसभर त्यांच्यावर वाकून बसायचे. दगडाची धूळ थेट छातीत. चाकावर पाणी असलं तर धूळ कमी उडते, म्हणून पाण्यावर टेबलाच्या सुऱ्या घासणारे चाळीस-पन्नासपर्यंत जगायचे. काटे कोरडेच घासले जात. त्या कामगारांबद्दल शेफिल्डच्या डॉ. नाइट यांनी लिहिलंय की ते २८ ते ३२ व्या वर्षी मरतात. एंगल्सने १८४५ च्या पुस्तकात हे उद्धृत केलं. त्यातच असंही आहे की दारुडे कामगार जास्त जगतात, कारण ते कामावर कमी येतात. मी आत्ता बरोबर त्याच वयात आहे, त्यामुळे ही ओळ वाचून लॅपटॉप थोडा वेळ बंद केला.

बरं, मग घ्यायचा कुठला? हॉलो ग्राइंड दोरी, चामडं, कातडी यांना मस्त. पण जाड कलिंगडात थोडा आत गेला की पाठीकडची जाडी अडते. खाण्याच्या वस्तू चिरायला सपाट बरा. लाकूड तासायला फुगीर, कारण धारेमागे आधार असतो. ओपिनेल, जो फ्रान्सच्या सावोआ भागात १८९० पासून बनतोय, किंचित फुगीर आहे पण पातं इतकं पातळ की टोमॅटोही नीट कापतं. दोन्ही जमवणारा म्हणून मला तो आवडतो. त्याचं गोल फिरणारं कुलूप १९५५ चं, त्याआधी पातं बोटावर मिटायची भीती होती.

पोलादाचं म्हणाल तर ओपिनेल साध्या कार्बन पोलादातही मिळतो. त्याला घरच्या दगडावर भराभर धार येते. पण कैरी किंवा लिंबू कापलं की पातं काळं पडतं, आजीच्या विळीसारखं. तो काळेपणा वाईट नाही. पावसाळ्यात हरिश्चंद्रगडावर ओल्या सॅकमध्ये दोन दिवस राहिला तर येणारा लाल गंज मात्र वाईट. सह्याद्रीत जून ते सप्टेंबर फिरणार असाल तर स्टेनलेसच घ्या. व्हिक्टोरिनॉक्स हे नावसुद्धा १९२१ साली तसंच तयार झालं: संस्थापकाच्या आईचं नाव व्हिक्टोरिया, आणि 'इनॉक्स' म्हणजे स्टेनलेस.

आणि ती पासवर्डसारखी नावं? एस३०व्ही घ्या उदाहरणाला. कार्बन १.४५ टक्के, म्हणजे जवळपास वुट्झइतका! क्रोमियम १४, व्हॅनेडियम ४. धार खूप दिवस टिकते. पण व्हॅनेडियमचे कण साध्या धारेच्या दगडापेक्षा कडक असतात, त्यामुळे धार गेली की कोपऱ्यावरचा धारवाला हात टेकतो आणि हिऱ्याची पट्टी विकत घ्यावी लागते. पहिला चाकू असेल तर मी इतकं महाग पोलाद घेणार नाही. स्वस्त स्टेनलेस घ्या आणि उरलेल्या पैशात एक चांगला धारेचा दगड.