नंबरप्लेटचा पैसा, पहाऱ्याचा खर्च

विरारच्या आरटीओत एक लाख रुपये किमतीच्या, १०० ते ३०० सीसीच्या पट्ट्यातल्या नव्या दुचाकीचं पासिंग करायचं, तर अलीकडच्या दरांनी ११ टक्के म्हणजे ११ हजार रुपये एकरकमी कर भरावा लागतो. प्रत्यक्ष नोंदणीचं शुल्क त्यापुढे किरकोळ, ३०० रुपये. एवढा पैसा एका दुचाकीमागे गोळा होत असेल, तर त्यातला काही वाटा याच शहराच्या पोलिसांना कॅमेरे, नंबरप्लेट वाचणारी यंत्रं आणि बोटांचे ठसे जुळवणारी प्रणाली घेण्यासाठी का मिळू नये? आणि तो मिळत नसेल, तर दर गाडीमागे चार पैसे जादा स्थानिक शुल्क लावून तो का उभा करू नये? कल्पना पटकन पटण्यासारखी आहे. पण तिच्या दोन्ही बाजूंना, म्हणजे गाडीवरच्या पट्टीला आणि पोलिसांच्या स्थानिक खर्चाला, दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि तो पाहिला की वाटा मागणं रास्त ठरतं, नवं स्थानिक शुल्क मात्र ठरत नाही.

पहाऱ्याचा खर्च गावाने उचलायचा, ही आपल्याकडची जुनी रीत. जागल्या गावाचा, त्याचा वाटा गावच्या खळ्यावरचा. इंग्रजी अमलात शहरांना नगरपालिका मिळाल्या तेव्हा हीच रीत कागदावर आली. वसईची नगरपालिका १८६४ सालची. त्याच सुमारास मुंबईत जी नवी नगरव्यवस्था बसली, तिच्या उत्पन्नात घरपट्टीच्या जोडीला पोलिसांसाठी वेगळी पट्टी होती, दिवाबत्तीची पट्टी होती आणि घोडागाड्या-बैलगाड्यांवर व्हील टॅक्सही होता. म्हणजे गाडीवरचा कर आणि पोलिसांचा खर्च एकाच स्थानिक तिजोरीत शेजारी शेजारी नांदत होते. आज ज्याला नवी युक्ती म्हणून मांडलं जाईल, ती व्यवस्था एकदा होऊन गेलेली आहे. ती मोडली कशी, हे पाहणं म्हणूनच महत्त्वाचं. पोलीस नेमायचे सरकारने, हुकूम सोडायचा सरकारने आणि बिल मात्र भरायचं नगरपालिकेने, ही मुळातली विसंगती होती. लॉर्ड रिपनच्या सरकारने मे १८८२च्या स्थानिक स्वराज्याच्या ठरावात नगरपालिकांना पोलीसखर्चातून मोकळं करून तो पैसा शिक्षण, दवाखाने, स्थानिक बांधकामं यांकडे वळवण्याची दिशा घेतली. मुंबईत हा वाद आणखी पंचवीस वर्षं चालला. अखेर १९०७च्या पोलीसखर्च कायद्याने शहराच्या पोलिसांचा भार सरकारने स्वतःकडे घेतला आणि त्या बदल्यात प्राथमिक शिक्षण व वैद्यकीय सेवेचा भार महापालिकेवर गेला. ज्याच्या हाती पोलीस, त्याच्या खिशातून पोलिसांचा खर्च, हे तत्त्व अशा प्रकारे भांडून मिळवलेलं आहे.

दुसरा धागा खुद्द नोंदणीचा. गाडीचा क्रमांक ही आज आपल्याला कर भरल्याची खूण वाटते. जन्माने मात्र ती पोलिसी युक्ती आहे. मोटार आली तेव्हा प्रश्न असा पडला की, माणसाला धडक देऊन भरधाव निघून गेलेलं यंत्र ओळखायचं कसं? घोड्याचा रंग, गाडीवानाचा चेहरा या खुणा मोटारीच्या वेगापुढे निकामी होत्या. म्हणून पॅरिसने १८९३ मध्ये आणि ब्रिटनने १९०३च्या कायद्याने गाडीवर क्रमांक लावायला लावला. मुंबई इलाख्यात १९०४ मध्ये मोटारींचा कायदा झाला, १९१४ मध्ये देशभरासाठी कायदा आला. मुंबई शहरात तेव्हा मोटारींची नोंद ठेवण्याचं काम पोलीस आयुक्तांच्याच कचेरीत चाले. १९३९च्या मोटार वाहन कायद्यानंतर परिवहनाचा स्वतंत्र कारभार आकाराला आला आणि नोंदणीची वही पोलिसांच्या टेबलावरून आरटीओच्या टेबलावर गेली. तेव्हा गाडीचा आणि पोलिसांच्या तंत्रज्ञानाचा संबंध काय, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं आहे: नंबरप्लेट हेच पोलिसांचं पहिलं वाहन-तंत्रज्ञान, आणि ते पहिल्या दिवसापासून गाडीमालकाच्याच पैशाने बसलेलं आहे.

गाडीवरच्या पैशाला मात्र वेगळं वचन चिकटलेलं होतं, ते रस्त्याचं. १९२७ मध्ये मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली रस्तेविकास समिती नेमली गेली. मोटारी वाढत आहेत, रस्ते त्यांना पुरे पडत नाहीत, तेव्हा मोटारवाल्यांकडून जादा घेऊन तो पैसा रस्त्यांसाठीच बाजूला काढावा, अशी तिच्या शिफारशींची दिशा होती. त्यानुसार १९२९ मध्ये पेट्रोलवर गॅलनमागे दोन आणे जादा कर बसला आणि रस्तेनिधी उभा राहिला. इकडे मुंबई इलाख्यात १९३५च्या आणि पुढे १९५८च्या मोटार वाहन कर कायद्याने मोटारींवरचा कर वरच्या सरकारच्या हाती एकवटला. प्रत्येक नगरपालिकेने आपापली पट्टी बसवून हद्दीवर गाडी अडवण्याचे दिवस संपत आले. राज्यघटनेनेही रस्त्यावरच्या वाहनांवरील कर राज्यसूचीत ठेवला आणि त्या कराची तत्त्वं ठरवण्याचा विषय समवर्ती सूचीत. पुढे १९६२च्या राजस्थानातील ऑटोमोबाइल ट्रान्सपोर्ट खटल्यात आणि १९७४च्या बोलानी ओअर्स खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वाहनकराकडे रस्त्याच्या वापराची भरपाई म्हणून पाहिलं. कर देणाऱ्याला रस्ता मिळायचा, अशी ती समजूत होती. २०१६ मध्ये जिंदाल स्टेनलेस खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने भरपाई-कराचा हा सिद्धांतच बाजूला सारला. व्यवहारात तर तो कधीच पातळ झाला होता, कारण वाहनकर राज्याच्या एकत्रित निधीत जातो आणि तिथे गेलेल्या रुपयावर कुठल्या गाडीचा क्रमांक लिहिलेला नसतो.

याच काळात मागच्या दाराने एक गोष्ट घडली. जुन्या गाड्यांना उच्च सुरक्षा नंबरप्लेट, म्हणजे एचएसआरपी, बसवण्याची सक्ती. ही प्लेट हातात घेऊन पाहिली की तिचा हेतू दिसतो. डाव्या बाजूला वर क्रोमियमचा चक्राचा होलोग्राम, खाली निळ्या अक्षरांत देशाची खूण, लेझरने कोरलेला दहा अंकी अनुक्रमांक आणि एकदा बसवल्यावर तोडल्याशिवाय न निघणारे स्नॅप लॉक. चोरीच्या गाडीला खोटा क्रमांक लावता येऊ नये आणि कॅमेऱ्याला अक्षरं एकसारखी वाचता यावीत, यासाठी हा सगळा खटाटोप. १ एप्रिल २०१९ पासून नव्या गाड्यांना ती कंपनीतूनच येते. त्याआधीच्या गाड्यांसाठी महाराष्ट्राने तीन विभाग पाडून तीन कंपन्यांना काम दिलं. दर ठरला दुचाकीला ४५०, तीनचाकीला ५००, चारचाकीला ७४५ रुपये, वर जीएसटी. म्हणजे दुचाकीवाल्याच्या खिशातून ५३१ रुपये. मुदत मार्च २०२५ पासून पुन्हा पुन्हा वाढवावी लागली, यावरून लोकांचा उत्साह कळतो. याला कोणी कर म्हणत नाही, पण गाडीमालकाने सक्तीने भरलेला आणि कायद्याच्या अंमलबजावणीच्या तंत्रासाठी खर्च झालेला हा पैसा आहे. तो थेट पुरवठादाराकडे जातो. महापालिकेच्या अंदाजपत्रकात तो दिसत नाही आणि पोलीस आयुक्तालयाच्या हिशेबातही नाही. गाडीवाल्याने पोलिसी तंत्राला हातभार लावावा, असं म्हणणाऱ्यांनी आधी हे लक्षात घ्यावं की तो लावतोच आहे.

आता स्थानिक शुल्काचा मुद्दा. इथे वसई-विरारचा नकाशाच आडवा येतो. २००९ मध्ये वसई, विरार, नालासोपारा, नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा आणि भोवतालची गावं मिळून महापालिका झाली. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून पालघर जिल्हा वेगळा निघाला. एके काळी एमएच ०४ लावून फिरणाऱ्या इथल्या गाड्यांना एमएच ४८ मिळालं, पण ही मालिका एकट्या महापालिकेची नाही. तिच्यात डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाड्याच्या गाड्याही येतात. उलट ऑक्टोबर २०२० पासून शहराचे पोलीस मीरा-भाईंदर, वसई-विरार आयुक्तालयाखाली आहेत. त्याचा मीरा-भाईंदरचा भाग ठाणे जिल्ह्यात, आणि तिथल्या गाड्यांची नोंदणी वर्षानुवर्षं ठाण्याला होत आली. गाडीची हद्द वेगळी, पोलिसांची वेगळी, महापालिकेची वेगळी. अशा ठिकाणी ‘स्थानिक’ शुल्क म्हणजे नक्की कोणाचं? विरारला जमा झालेला पैसा आयुक्तालयाला दिला, तर मोखाड्याच्या दुचाकीवाल्याने मीरा रोडच्या कॅमेऱ्याला पैसे दिले असं होईल. तो जिथल्या तिथे ठेवला, तर गाड्या जिथे जास्त तिथे यंत्रं जास्त. वसईच्या नाक्यानाक्यावर कॅमेरे आणि जव्हारच्या घाटात काही नाही. अपघातातला जखमी तासभर कोणाच्या नजरेस न पडण्याचा धोका मात्र घाटात जास्त.

यावर पहिला आक्षेप येईल तो परदेशी दाखल्याचा. कॅलिफोर्नियात काउंटीच्या मंडळाने ठराव केला तर गाडीच्या वार्षिक नोंदणीवर थोडं जादा शुल्क घेता येतं आणि तो पैसा बोटांच्या ठशांवरून गुन्हेगार ओळखणाऱ्या प्रणालीवर खर्च होतो. ही सोय १९९०च्या दशकापासून चालू आहे. मग इथे काय अडचण? अडचण रचनेत आहे. तिथे काउंटीचा शेरीफ आणि शुल्काचा ठराव करणारं मंडळ, दोन्ही त्याच हद्दीतल्या मतदारांनी निवडलेले; पैसा पटला नाही तर मतपेटीतून जाब विचारता येतो, शिवाय खर्चाचा अहवालही द्यावा लागतो. आपल्याकडे पोलीस आयुक्ताची नेमणूक गृह विभाग करतो. महापालिकेच्या सभागृहाला त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार नाही. असं असताना शहरातल्या लोकांकडून पोलिसांच्या नावाने शुल्क घेणं म्हणजे १८८२ साली ज्या विसंगतीवर बोट ठेवलं गेलं, तीच नव्याने बसवणं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. सोनसाखळी दुचाकीवरून ओढली जाते, चोरीचा माल टेम्पोतून जातो, धडक देऊन गाडीच पळते. तेव्हा बंदोबस्ताचा खर्च गाडीवाल्यांनी उचलणं न्याय्यच नाही का? वाहतुकीपुरतं हे मान्य करायला हवं. वेगमर्यादा मोजणारं यंत्र गाड्यांसाठीच असतं. पण तोच कॅमेरा स्टेशनबाहेर हरवलेलं मूल शोधतो, दुकान फोडणाऱ्याला पकडून देतो आणि रोज विरार लोकलने जाणाऱ्या, गाडी नसलेल्या माणसालाही पहारा देतो. लाभ सगळ्यांचा असेल तर खर्च सर्वसाधारण करातून व्हावा. शिवाय नोंदणीवरचं ठोक शुल्क वीस लाखांच्या गाडीला आणि प्लंबरच्या जुन्या स्कूटरला सारखंच बसतं. टक्केवारीच्या करात निदान किमतीचा विचार असतो.

तिसरा आक्षेप अनुभवी अधिकाऱ्यांचा असू शकतो: सर्वसाधारण तिजोरीतून पैसा वेळेवर येत नाही, राखीव निधी असला तर काम होतं. निर्भया निधीचा इतिहास या आशेला छेद देतो. २०१३च्या केंद्रीय अंदाजपत्रकात एक हजार कोटींनी तो सुरू झाला आणि पुढची कित्येक वर्षं त्यातला मोठा हिस्सा खर्चच झाला नाही, अशी टीका संसदेपासून वर्तमानपत्रांपर्यंत होत राहिली. राखीव निधी वसुलीची हमी देतो, खर्चाची देत नाही. उलट मुंबईत २६/११ नंतरचा सीसीटीव्ही प्रकल्प कुठल्याही गाडीपट्टीशिवाय राज्याच्या पैशातून झाला. त्याला वर्षं लागली ती निविदांच्या घोळामुळे, आणि त्या घोळावर नव्या शुल्काचा इलाज नाही.

म्हणून वसई-विरारकरांनी मागावं ते वेगळं. नवं शुल्क नको. एमएच ४८ मध्ये दरवर्षी किती कर जमा झाला, ई-चलानचा किती दंड आला आणि त्यातून राज्याने या जिल्ह्यातल्या रस्त्यांवर व पोलिसी यंत्रणेवर किती परत आणला, हा ताळेबंद तालुकावार जाहीर व्हावा. परतीचा वाटा गाड्यांच्या संख्येवर न ठरता अपघात, अंतर आणि पोलीस ठाण्यांवरचा ताण पाहून ठरावा. कॅमेऱ्यांबाबत २०२१ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत आलेल्या १६७-अ या नियमाने यंत्राचं दरवर्षी प्रमाणीकरण आणि रस्त्यावर इशाऱ्याचा फलक आधीच बंधनकारक केला आहे; त्याची पूर्तता न करणाऱ्या यंत्रावर खर्च मंजूर होऊ नये. आणि नंबरप्लेट वाचून साठवलेली माहिती किती दिवस ठेवायची, कोणाला द्यायची, याचं उत्तर खरेदीच्या आधी मिळावं, कारण खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचं सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये सांगितलेलं आहे. जयकर समितीच्या काळात मोटारवाल्याकडून पैसा घेताना तो कुठे जाणार हे निदान सांगितलं जात होतं. आज अकरा हजार घेताना ते सांगितलं जात नसेल, तर त्यावर आणखी शंभर-दोनशे मागण्याचा अधिकार कोणत्याही यंत्रणेने अजून कमावलेला नाही.