घाटाचा राजा कोणता?

श्रोतेहो, शर्यतीच्या घोड्यांत श्रेष्ठ कोण, हा अमेरिकेतला वाद जुना आहे. मॅन ओ' वॉर 1919-20 साली 21 शर्यती धावला, 20 जिंकला. सेक्रेटेरिएटने 1973 साली दीड मैलाची बेलमाँट शर्यत 2 मिनिटे 24 सेकंदांत मारली. मध्ये अर्धशतक गेलेले. दोघांची गाठ पडणार कशी?

अवसरी खुर्दच्या बाजूला हाच वाद बैलांचा. आपल्याकडे गाडे एकेक करून घाट चढतात, झुंज घड्याळाशी. म्हणजे निवाडा सोपा, असे वाटेल. पण एका घाटाचा चढ दुसऱ्यासारखा नसतो, मग सेकंद ताडून कसे पाहायचे? जुनी माणसे सेकंद सांगतच नाहीत, बैलाचे नाव सांगतात.

त्यात 7 मे 2014 रोजी सर्वोच्च न्यायालयाने शर्यती बंद केल्या. बैलांचे हाल होतात, ही तक्रार काही अगदीच खोटी नव्हती. 16 डिसेंबर 2021 ला अटींवर परवानगी मिळाली. 18 मे 2023 ला राज्याचा कायदा वैध ठरला. पण मधली साडेसात वर्षे म्हणजे बैलाची सारी उमेद की हो! त्या काळात भरात आलेले कितीतरी खोंड रीतसर एकही घाट न चढता म्हातारे झाले. त्यांना कोणत्या नंबरात बसवायचे, ते घड्याळाला विचारून उपयोग नाही.