एका बाजूची पिन

ग्रामोफोनची पिन झिजण्यासाठीच घडवलेली असते. एवढं ध्यानात घेतलं की घरातली जुनी रेकॉर्ड अशी खरखरते का, हे कोणाला विचारायला नको.

एडिसनचा 1877 चा फोनोग्राफ नळकांड्यावर चालायचा. एमिल बर्लिनरने 1887 मध्ये सपाट तबकडीचा मार्ग धरला. सुरुवातीच्या त्याच्या तबकड्या कडक रबराच्या होत्या. 1890 च्या दशकात तो लाखेकडे वळला, आणि ही लाख जायची आपल्याच देशातून. पण रेकॉर्डमध्ये लाख असायची थोडी. मोठा हिस्सा दगडाच्या भुकटीचा, वर रंगाला काजळी. या भुकटीने तबकडी टणक झाली, स्वस्त झाली आणि पिनीला घासू लागली. पहिल्या काही फेऱ्यांतच पोलादी टोक खाचेच्या आकाराचं होतं, मग नीट बसून गातं. दहा इंची रेकॉर्डची एक बाजू तीन-साडेतीन मिनिटांची. मिनिटाला 78 फेऱ्यांनी त्यात पिनीची सव्वाशे मीटरच्या वर चाल होते, म्हणजे बारा डब्यांच्या लोकलची जवळपास निम्मी लांबी. तीही डोक्यावर साउंडबॉक्सचं शंभर ग्रॅमहून अधिक वजन घेऊन! बाजू संपेपर्यंत टोकाला धार आलेली असते. तीच पिन पुन्हा लावली की गाणं वाजतं आणि खाच कातली जाते. म्हणून एका बाजूला एक पिन.

शिवणाच्या सुया करणाऱ्यांना हा धंदा आयताच मिळाला. जर्मनीत न्यूरेंबर्गजवळचं श्वाबाख आणि इंग्लंडमधलं रेडिच ही मुळात सुयांचीच गावं. तिथल्या पिना पत्र्याच्या चिमुकल्या डब्यांतून जगभर गेल्या. डबीत बहुधा 200, म्हणजे शंभर रेकॉर्डींची सोय. जाड पिन मोठा आवाज देते, बारीक पिन हळू. त्या यंत्राला आवाज कमी-जास्त करायची दुसरी कळच नव्हती.

आपल्याकडे ग्रामोफोन कंपनीचा ध्वनिमुद्रक फ्रेड गाइसबर्ग 1902 मध्ये कलकत्त्याला ध्वनिमुद्रणासाठी उतरला. रेकॉर्डींची छपाई होई जर्मनीत, हॅनोव्हरला. 1908 मध्ये कलकत्त्यातच सियालदहला कंपनीचा कारखाना निघाला तेव्हा ती फेरी वाचली. पाठोपाठ मराठी नाट्यपदं घरोघर पोचली.

पोलादाला पर्याय नव्हते असं नाही. पाथे कंपनीच्या रेकॉर्डींना नीलमण्याचं टोक लागे, ते बदलायची कटकट नसे. टंगस्टनच्या पिना पुष्कळ बाजू चालत. बांबूच्या तिकोनी पिना निघाल्या, निवडुंगाच्या काट्याच्याही. त्या रेकॉर्डला जपत, पण टोक दर वेळी छाटा किंवा तासा, आणि आवाज मवाळ. माझं मत विचाराल तर आपल्या चाळींत बांबू टिकणं कठीणच होतं. फोनो एकाचा, ऐकणार अख्खा मजला. तिथे ठणठणीत पोलादच हवं.

ठाण्याचं नगराध्यक्षपद भूषवलेले जनकवी पी. सावळाराम यांची गाणी वसंत प्रभूंच्या चालींत, लता मंगेशकरांच्या आवाजात याच 78 च्या रेकॉर्डींवरून घरी आली. घरात कोणाची अशी एखादी रेकॉर्ड असेल तर ती खिडकीशी तिरपी धरून पाहा. काळ्या चकाकीत मध्येच राखाडी पट्टे दिसतील. आवाज जिथे चढला, तान जिथे जोरात आली, तिथली खाच जास्त नागमोडी. झिजलेल्या पिनीने नेमकी तीच खरवडली. आवडतं कडवं पांढरं पडलेलं असतं ते असं. पिन संपली तर तीच जरा फिरवून लावायची ही आपली काटकसर. रेकॉर्डची किंमत रुपयांत, पिनीची पैशांत, आणि वाचवली पिन! फिरवल्याने तर धार आणखी वाईट बाजूने लागते.

पुढे एलपी आली, हिऱ्याचं टोक आणि काही ग्रॅमचंच वजन घेऊन. आपल्याकडे मात्र 1960 च्या दशकातही 78 च्या रेकॉर्डी निघत होत्या, त्यामुळे ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या जुन्या घरांत दोन्ही सापडतात, कधीकधी एकाच कपाटात. चावीचा ग्रामोफोन चालू स्थितीत असेल तर पोलादी पिना आजही नव्या मिळतात. बाजूगणिक नवी लावा, वापरलेली वेगळ्या डबीत टाका. आणि ती पिन एलपीवर चुकूनही टेकवू नका. एका फेरीत रेकॉर्ड कायमची जाईल.