हाफकिन यांची बाटली आणि पहिल्या वर्षाचा अभ्यास

आपल्या समाजातील बरीच मुले-मुली परिचारिका, औषधनिर्माण किंवा प्रयोगशाळा तंत्रज्ञ यांच्या अभ्यासक्रमाला जातात. पहिल्या वर्षी त्यांच्यापुढे जीवशास्त्र व रसायनशास्त्र यांची प्राथमिक पुस्तके येतात. "आम्ही आलो रोग्यांची सेवा करायला, मग हे जंतूंचे प्रकार आणि ही आम्ले कशाला?" असे ती विचारतात. या प्रश्नाचे उत्तर मुंबईच्या इतिहासात आहे, आणि त्यात केंद्रस्थानी एक यहुदी शास्त्रज्ञ आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेगचा रोगी ओळखला. त्याच मांडवीत, सॅम्युअल स्ट्रीटवर, आपले शाआर हारहमीम हे प्रार्थनालय आहे. त्याच्या स्थापनेला त्या साली शंभर वर्षे झाली होती. म्हणजे साथ आपल्या उंबरठ्याशीच आली होती.

सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना पाचारण केले. त्यांचा जन्म १८६० साली ओडेसा येथे झाला. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये त्यांनी पटकीची लस तयार केली आणि १८९२ मध्ये ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजच्या एका लहानशा जागेत त्यांनी काम सुरू केले, आणि १० जानेवारी १८९७ रोजी प्लेगची लसही स्वतःवरच आजमावली.

ही लस होती तरी कशी? मांसरसाने भरलेल्या बाटलीत वर तुपाचे थेंब सोडायचे. तूप पाण्यावर तरंगते. शनवार तेल्यांच्या वंशजांना हे सांगायला नको! त्या थेंबांच्या आधाराने जंतू वाढत आणि खाली लोंबत. मग बाटली सुमारे ७० अंश सेंटिग्रेडवर तासभर तापवीत. त्यामुळे जंतू मरत, पण शरीर ज्यांवरून शत्रूला ओळखते ते त्यांच्यातील घटक उरत. लस टिकावी म्हणून त्यात थोडे कार्बोलिक ॲसिडही घालीत. जंतू कसा जगतो हे जीवशास्त्र सांगते. उष्णता व आम्ल त्याचे काय करतात हे रसायनशास्त्र. लसीला दोन्ही लागतात.

पुढे ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल गावी १०७ जणांना लस टोचली गेली. त्यांपैकी एकाच बाटलीतील लस घेतलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली. दरम्यान कार्बोलिक वगळून केवळ उष्णतेवर भिस्त ठेवणारी नवी पद्धत सुरू झाली होती. ठपका तिच्यावर आणि हाफकिन यांच्यावर आला. त्यांना पदावरून दूर व्हावे लागले.

त्यांची सुटका कशाने झाली? पहिल्या वर्षाच्या ज्ञानाने! धनुर्वाताचे जंतू माती-शेणात असतात, आणि त्यांचे बीजाणू फार चिवट. बाटली उघडण्यापूर्वी चिमटा जमिनीवर पडला होता. तो केवळ कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून बूच काढायला वापरला गेला. साध्या जंतूंना मारणारे ते पाणी बीजाणूंना एवढ्याशा वेळात मारू शकत नाही. शिवाय बाटली भरून ४१ दिवस झाले होते. जंतू मुंबईतच आत शिरले असते, तर इतक्या दिवसांत ते वाढून उघडताक्षणी दुर्गंधी आली असती. ती आली नव्हती. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस व इतर नामवंत शास्त्रज्ञांनी लंडनच्या 'टाइम्स'मध्ये हाफकिन यांची बाजू मांडली. त्याच वर्षी ते दोषमुक्त ठरले आणि पुढे हिंदुस्थानात परतले, पण मधली वर्षे मात्र गेली ती गेलीच. मुंबईत परळच्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव देण्यात आले. हाफकिन १९३० मध्ये लोझान येथे निवर्तले.

तेव्हा, वाचकहो, घरातील मुलगी जंतू आणि बीजाणू यांतील फरक पाठ करताना कंटाळली, तर तिला मुल्कोवालची ही हकिकत सांगावी. हा फरक हाताशी भिनलेला असता, तर तो चिमटा ज्योतीवर धरला गेला असता. मग त्या १९ घरांवर शोककळा आली नसती, आणि एका निर्दोष माणसाला पाच वर्षे कलंक वाहावा लागला नसता. परीक्षेत हा प्रश्न दोन गुणांना येतो. रुग्णालयात त्याची किंमत फार मोठी असते.