जहाज 'रोम'ला लागते, पण रोम ७० किलोमीटर दूर

भूमध्य समुद्रातील क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत एका दिवसासमोर 'रोम' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. प्रत्यक्षात त्या सकाळी जहाज लागते ते चिवितावेक्क्या या बंदरात. तेथून रोम सुमारे ७० किलोमीटरवर आहे. मुंबई दाखवतो असे सांगून पाहुण्यांना खोपोलीला उतरवावे, तसाच हा प्रकार. वर्षाला ३० लाखांहून अधिक क्रूझ प्रवासी या बंदरात येतात आणि त्यातील बहुसंख्य सकाळी घाईघाईने न्याहारी उरकून रोमच्या बसमध्ये चढतात.

जहाज साधारणतः सकाळी सातच्या सुमारास धक्क्याला लागते आणि संध्याकाळी सहा-सातला सुटते. जाण्यायेण्याचे तीन ते चार तास, बसपर्यंत पोहोचण्याचा व पुन्हा जहाजावर चढण्याचा वेळ वजा केला, की हाती पाच-सहा तास उरतात. त्यात कोलोसियम, व्हॅटिकन आणि त्रेवी कारंजे बसवायचे असते. कोलोसियमच्या तिकिटावर २०२३ पासून प्रवाशाचे नाव आणि प्रवेशाची वेळ छापलेली असते. बस वाहतुकीत अडकली तर ती वेळ हुकण्याची धास्ती. आई-वडिलांना हौसेने क्रूझवर नेणाऱ्या मंडळींनी तर याचा आधीच विचार करावा. संध्याकाळी जहाजावर परतल्यावर त्यांच्या आठवणीत कोलोसियमपेक्षा तळपायांची आगच अधिक राहते.

रोम कधीच पाहिलेले नाही आणि पुन्हा तिकडे जाणे होईल असे वाटत नाही, अशांनी अवश्य जावे. मात्र एकच ठिकाण ठरवून तेवढेच पाहावे. ज्यांचे रोम आधी पाहून झाले आहे किंवा ज्यांना पुढे चार दिवस काढून ते पाहायचे आहे, त्यांनी मात्र हा दिवस बंदराच्या आसपासच घालवण्यास हरकत नाही.

चिवितावेक्क्या म्हणजे 'जुने शहर'. पण पाहणाऱ्याला ते जुने वाटत नाही. दुसऱ्या महायुद्धात १४ मे १९४३ रोजी दोस्त राष्ट्रांच्या विमानांनी येथे जबर बॉम्बफेक केली आणि त्यानंतरच्या हल्ल्यांत शहराचा मोठा भाग जमीनदोस्त झाला. त्यामुळे चित्रातल्यासारख्या इटालियन गल्ल्यांची अपेक्षा ठेवू नये. बंदर मात्र खरोखर पुरातन आहे. रोमन सम्राट ट्राजन याने दुसऱ्या शतकाच्या आरंभी ते बांधून घेतले. पाण्यालगतचा भक्कम किल्ला पोप दुसरा ज्यूलियस याच्या आज्ञेवरून १५०८ मध्ये ब्रामान्ते या वास्तुशिल्पीने बांधावयास घेतला. मुख्य बुरुजाचा वरचा भाग मायकेलअँजेलोने रचला असे परंपरा सांगते, म्हणून किल्ल्याला त्याचे नाव. फ्रेंच कादंबरीकार स्तांदाल १८३१ पासून येथे फ्रान्सचा वाणिज्यदूत होता आणि या गावाला तो अतोनात कंटाळला होता. अर्थात त्याला येथे वर्षानुवर्षे राहायचे होते, आपल्याला एकच दिवस काढायचा आहे.

मराठी प्रवाशाने या शहरात चुकवू नये असे एक ठिकाण आहे आणि सहलींच्या कार्यक्रमात ते क्वचितच आढळते. ते म्हणजे जपानी हुतात्म्यांचे चर्च. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी जपानमधील नागासाकी येथे २६ ख्रिस्ती व्यक्तींना क्रूसावर चढवून ठार मारण्यात आले. १८६२ मध्ये पोप नववा पायस याने त्यांना संतपद दिले आणि त्यानंतर लवकरच हे चर्च उभे राहिले. या २६ जणांमध्ये एक वसईचा होता. गोन्सालो गार्सिया हे त्याचे नाव. वसईत जन्मलेला हा तरुण जपानमध्ये गेला, तेथील भाषा शिकला, काही काळ व्यापार केला, मनिला येथे फ्रान्सिस्कन बंधू झाला आणि दुभाषा म्हणून पुन्हा जपानला परतला. वसईकरांना त्याची ओळख करून देण्याची गरज नाही. गास गावचे चर्च आणि वसईतील महाविद्यालय त्याच्याच नावाने आहे. परंतु इटलीच्या किनाऱ्यावर, आपले जहाज उभे असते तेथून थोड्याच अंतरावर, त्याचेही स्मरण करणारी वास्तू आहे हे फारच थोड्यांना ठाऊक असते.

मूळ चर्च युद्धात उद्ध्वस्त झाले. ते पुन्हा बांधल्यावर १९५०च्या दशकात लुका हासेगावा या जपानी चित्रकाराने आतील भित्तिचित्रे रंगविली. वेदीमागच्या मोठ्या चित्रातील मदर मेरी किमोनो परिधान केलेली आहे. हे गाव जपानशी जोडले गेले ते आणखी एका कारणाने. सेंदाईच्या सरदाराचा दूत हासेकुरा त्सुनेनागा १६१३ मध्ये निघून मेक्सिको व स्पेनमार्गे १६१५ मध्ये याच बंदरात उतरला आणि पोपच्या भेटीस रोमला गेला. त्याचा पुतळाही शहरात आहे. चर्च दुपारी बंद असू शकते, तेव्हा सकाळीच जावे.

पाच-सहा तासांचा कार्यक्रम हवा असेल तर तार्क्विनिया गाठावे. रेल्वेने हे अंतर पंधरा-वीस मिनिटांचे आहे आणि गाडी रोमच्या उलट दिशेने जात असल्याने सहसा गर्दी नसते. रोम लहान गाव होते तेव्हा या प्रदेशात एट्रुस्कन लोकांची समृद्ध नगरे होती. रोमच्या आरंभीच्या राजांपैकी तार्क्विन घराण्याचे मूळ येथलेच, अशी परंपरा आहे. त्या लोकांची घरे राहिली नाहीत, थडगी राहिली. गावाबाहेरच्या माळावर सुमारे ६,००० थडगी असून त्यातील २०० च्या आसपास चित्रांनी सजवलेली आहेत. २००४ मध्ये चेर्वेतेरी येथील थडग्यांसह या स्थळाचा युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समावेश झाला.

माळावर छोट्या छोट्या खोपटांसारख्या छपऱ्या दिसतात. प्रत्येकीखाली दगडी जिना उतरतो. शेवटच्या पायरीवर काचेचा दरवाजा असतो. बटण दाबले की आत दिवा लागतो आणि अडीच हजार वर्षांपूर्वीचे रंग समोर येतात. माणसांच्या श्वासातील दमट हवेने रंग बिघडतात म्हणून ही काच. अजिंठ्यात पर्यटकांच्या संख्येवर बंधन का घालावे लागते, हे ज्यांना माहीत आहे त्यांना याचे नवल वाटणार नाही. येथील अनेक चित्रे अजिंठ्याच्या सर्वांत जुन्या चित्रांहूनही तीन-चार शतके आधीची आहेत.

आणि विषय काय, तर मेजवानी, बासरी, नृत्य. 'बिबट्यांचे थडगे' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दालनात स्त्री-पुरुष शेजारी शेजारी आसनांवर रेलून भोजन करीत आहेत. स्त्रियांनी असे पुरुषांच्या पंक्तीला बसावे, हे पाहून त्या काळचे ग्रीक लेखक नाके मुरडीत. 'शिकार आणि मासेमारी' या दालनात एक मुलगा कड्यावरून समुद्रात सूर मारतो आहे, पक्षी उडत आहेत, होडीत कोळी बसले आहेत. हे मृताचे घर आहे, याचा विसर पडतो. गावातील पंधराव्या शतकातील वितेलेस्की वाड्यात संग्रहालय आहे. एका मंदिराच्या दर्शनी भागावरचे मातीचे पंखधारी घोडे तेथे ठेवलेले आहेत. ते पाहिल्याशिवाय परतू नये. दोन्ही ठिकाणांचे एकत्रित तिकीट मिळते.

एक सूचना मात्र आवश्यक आहे. प्रत्येक थडग्याचे जिने उतरून पुन्हा चढायचे असतात. गुडघ्यांचा त्रास असणाऱ्यांनी चार-पाच निवडक थडगी पाहून गावातच बसावे. माळावर सावली फारशी नाही, टोपी आणि पाणी जवळ असावे. खाण्याची चिंता शाकाहारी मंडळींनी करू नये. मार्गारिता पिझ्झा सर्वत्र मिळतो. 'अक्वाकोत्ता' मिळाले तर जरूर चाखावे. भाज्यांच्या रश्श्यात शिळा पाव घालून केलेला हा मूळचा गुराख्यांचा पदार्थ. बहुधा वरून अंडे सोडतात, नको असल्यास आधी सांगावे. शिळ्या भाकरीच्या कुस्कऱ्याची आठवण हमखास होते.

ज्यांना एवढीही धावपळ नको, त्यांच्यासाठी रोमच्या बाजूला सांता सेव्हेरा आहे. समुद्राला खेटून उभा असलेला मध्ययुगीन किल्ला आणि वाळूचा किनारा, दुपार निवांत जाते. याच जागी १९६४ मध्ये एट्रुस्कन व फिनिशियन भाषांतील सोन्याचे पत्रे सापडले. ते पाहण्यास मात्र रोमच्याच संग्रहालयात जावे लागते.

आता व्यवहाराच्या गोष्टी. धक्क्यावरून बंदराच्या बसने बाहेर यावे लागते. किल्ल्यापासून रेल्वे स्थानक समुद्रकाठच्या रस्त्याने पंधरा मिनिटांच्या चालीवर आहे. छापील तिकीट गाडीत चढण्यापूर्वी यंत्रात घालून त्यावर शिक्का उमटवून घ्यावा, अन्यथा दंड होतो. तार्क्विनियाचे स्थानक गावापासून सुमारे तीन किलोमीटर दूर, खाली आहे. वर जाण्यास बस मिळते. गाड्या आपल्या लोकलसारख्या सतत नसतात, म्हणून उतरल्याबरोबर परतीच्या गाडीची वेळ टिपून घ्यावी. इटलीत रेल्वेचे संप वरचेवर होतात, पण ते आधी जाहीर केले जातात. संपाच्या दिवशी सकाळी सहा ते नऊ आणि संध्याकाळी सहा ते नऊ या वेळेत काही प्रादेशिक गाड्या चालवण्याची हमी असते. क्रूझ प्रवाशाला संध्याकाळची वेळ काहीच कामाची नाही. जहाज कंपनीच्या सहलीला उशीर झाला तर जहाज सहसा थांबते, स्वतःहून गेलेल्यांसाठी ते थांबत नाही. तेव्हा ठरलेल्या वेळेच्या दोन तास आधी बंदरात परतलेले बरे. तार्क्विनियातील थडगी व संग्रहालय सोमवारी सहसा बंद असतात. क्रूझ निवडतानाच जहाज कोणत्या वारी येथे लागणार आहे, ते पाहून घ्यावे.