सहा महिने माद्रिदला: परदेशी शिक्षण आणि परतीचा दरवाजा

रविवारी सकाळी नाहूरमध्ये इतिहासाच्या व्याख्यानाला एवढी माणसं जमली, हेच मला विशेष वाटतं. आजचा विषय एका प्रश्नातून आला आहे, म्हणून आधी तो प्रश्नच सांगतो.

आमच्या ओळखीतली एक मुलगी, इथलीच, तिला कॉलेजकडून एका सत्रासाठी माद्रिदला जायची संधी आली. एक्स्चेंज स्टुडंट म्हणून. ती आईला घेऊन माझ्याकडे आली. मुलगी उत्साहात होती, आईचा चेहरा मात्र काळजीचा. आई म्हणाली, "सर, जाईल हो ती. विमानाचं तिकीटही काढू आम्ही. पण परत आल्यावर इथे ते धरतील ना? की वर्ष फुकट जाणार?"

मी त्यांना चहा दिला आणि म्हटलं, ताई, हा प्रश्न तुमच्या एकट्यांचा नाही. आपल्याकडून जे जे कुणी परदेशी शिकायला गेले, त्यांच्यापैकी बहुतेकांसमोर हा कुठल्या ना कुठल्या रूपात उभा राहिलेला आहे. आज तेवढंच बोलणार आहे. जाण्याच्या कथा आपल्याला पाठ असतात. परतीच्या फारशा कुणी सांगत नाही.

आधी ही एक्स्चेंजची भानगड काय ते बघू. पदवीसाठी जाणारा विद्यार्थी तिकडचाच विद्यार्थी होतो, फी तिकडे भरतो. एक्स्चेंजवाला मात्र आपल्याच कॉलेजचा राहतो. फी साधारणपणे इथेच भरायची, वर्गात मात्र तिथे बसायचं. राहण्या-खाण्याचा खर्च आपला. तिथे मिळालेली क्रेडिट्स इथल्या गुणपत्रिकेत यायची. युरोपात एक क्रेडिट म्हणजे साधारण 25 ते 30 तासांचा अभ्यास, आणि एका सत्राची 30 क्रेडिट्स. म्हणजे साडेसातशे ते नऊशे तासांचं काम झालं. मौजमजेची सहल नव्हे ही. स्पेनमध्ये गुण 10 पैकी देतात, 5 ला उत्तीर्ण, 7 च्या वर गेलात तर चांगले, 9 च्या वर उत्कृष्ट. आणि बहुतेक तासांना शिक्षक स्पॅनिशमध्ये बोलतात, इंग्रजीत नाही.

ती जिथे जाणार होती ते माद्रिदचं कोम्प्लुतेन्से विद्यापीठ. साठ हजारांच्या वर विद्यार्थी. 1499 साली कार्डिनल सिस्नेरोस यांनी अल्काला गावी त्याची स्थापना केली. अल्कालाचं लॅटिन नाव कोम्प्लुतुम, त्यावरून हे नाव. 1836 मध्ये विद्यापीठ माद्रिदला आलं. पुढे शहराच्या कडेला मोठी विद्यापीठनगरी बांधायला घेतली, आणि ती पुरी व्हायच्या आतच 1936 मध्ये स्पेनचं यादवी युद्ध सुरू झालं. लढाईची आघाडी थेट विद्यापीठाच्या इमारतींतून गेली. खिडक्यांत वाळूच्या पोत्यांच्या जागी सैनिकांनी ग्रंथालयातले जाडजूड ग्रंथ रचले. त्यात भारतीय तत्त्वज्ञानाचेही ग्रंथ होते, असं तिथे लढलेल्या एका इंग्रज तरुणाने पुढे सांगितलं आहे. आपले ग्रंथ आपल्या मुलांच्या आधी माद्रिदला पोचले होते म्हणायचे!

आता आपल्याकडे येऊ. आपल्याच मध्य रेल्वेने पुढे गेलात की कल्याण लागतं. 1865 साली तिथे आनंदीबाई जोशी जन्मल्या. 1883 च्या एप्रिलमध्ये कलकत्त्याहून त्या अमेरिकेला निघाल्या तेव्हा त्यांना नुकतंच अठरावं पूर्ण झालं होतं. निघण्याआधी फेब्रुवारीत श्रीरामपूरला त्यांनी जाहीर भाषण केलं. लोक आपल्याला काय काय विचारतात ते त्यात त्यांनी स्वतःच मांडलं. त्यातला एक प्रश्न असा, की परत आल्यावर तुम्हाला वाळीत टाकणार नाहीत का? बघा, बोटीत पाय ठेवायच्या आधी परतीचा प्रश्न! तेव्हाचं विद्यापीठ क्रेडिट धरेल की नाही याची कुणाला फिकीर नव्हती. जात धरेल की नाही, ही फिकीर होती. आणि सतरा वर्षांच्या बाईंनी उत्तर दिलं, की मी हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परत येऊन राहीन.

1886 च्या मार्चमध्ये फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय कॉलेजातून त्या डॉक्टर झाल्या. कोल्हापूरच्या आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटलात स्त्रियांच्या विभागाची नेमणूक त्यांची वाट बघत होती. म्हणजे दरवाजा उघडा होता. पण क्षयाने शरीर पोखरलं होतं. 26 फेब्रुवारी 1887 रोजी पुण्यात त्या गेल्या. बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

दुसरी गोष्ट तुम्हाला माहीत आहे, पण या बाजूने बघू. 1913 मध्ये बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर बाबासाहेब आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. त्या बदल्यात करार होता, परत येऊन दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची. आजच्या भाषेत बाँड. म्हणजे परतीची जागा कागदावर पक्की होती. 1917 मध्ये बाबासाहेब परत आले आणि ठरल्याप्रमाणे बडोद्याला हजर झाले. कोलंबियाची पदवी, लंडनचा अभ्यास, संस्थानात मोठ्या हुद्द्याची नोकरी. आणि राहायला खोली मिळेना. पारशी असल्याचं सांगून, पारशी नाव लावून एका पारशी धर्मशाळेत राहावं लागलं. अकराव्या दिवशी काठ्या घेऊन माणसं दाराशी आली. बाहेर काढलं. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. ओळखीच्यांकडेही आसरा मिळाला नाही. बागेत बसून वेळ काढला आणि रात्रीच्या गाडीने मुंबई गाठली. दहा वर्षांचा करार अकरा दिवसांत संपला.

इथे थोडं थांबा. न्यूयॉर्कच्या वर्गात ज्या माणसाला कुणी जात विचारली नाही, त्याला स्वतःच्या देशात परत आल्यावर ती विचारली गेली. कागदावर सगळं मान्य होतं, माणसांना मान्य नव्हतं. म्हणून म्हणतो, परतीचे दरवाजे दोन असतात. एक कार्यालयाचा, एक समाजाचा. दोन्ही उघडावे लागतात.

आता गंमत बघा. याच कोलंबिया विद्यापीठात साधारण चाळीस वर्षांनी एक इटालियन मुलगी गेली. सोफिया कोराडी तिचं नाव. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर 1957-58 मध्ये कायद्याचा अभ्यास करून ती रोमला परतली. आपल्या विद्यापीठात गेली, म्हणाली, एवढं शिकून आले आहे, हे धरा. तिथल्या अधिकाऱ्याने धरलं तर नाहीच, वर तिचा पाणउतारा केला. अमेरिकेत हिंडून आलात, आता अभ्यासाला लागा, असा सूर. बाई गप्प बसल्या नाहीत. परदेशी शिकलेलं घरी धरलंच पाहिजे, हा एकच मुद्दा त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरला. त्यातून आणि इतर अनेकांच्या खटपटीतून 1987 मध्ये युरोपात इरॅस्मस योजना सुरू झाली. पहिल्या वर्षी 11 देशांतले 3,244 विद्यार्थी. आज स्पेन हा अशा विद्यार्थ्यांना सर्वात जास्त बोलावणाऱ्या देशांपैकी आहे. पुढे युरोपाबाहेरच्यांसाठीही या योजनेत वाट झाली.

म्हणजे एक्स्चेंज ही कल्पना मुळात जाण्यासाठी निघालेलीच नाही. जाणारे आधीही जात होते. ती निघाली परतीच्या अपमानातून.

आता कुणी म्हणेल, हे सगळं इंग्रजीच्या मुलखातलं झालं, स्पॅनिशशी आपला काय संबंध? आहे. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे. विद्यार्थी म्हणून अमेरिकेला गेले, ऑरेगॉन आणि वॉशिंग्टन राज्यांत शेतीशास्त्र शिकले, आणि गदर चळवळीत पडले. त्यामुळे इंग्रज सरकारने मायदेशाचा दरवाजा बंद केला. हा तिसरा दरवाजा, सरकारचा. 1924 मध्ये ते मेक्सिकोला पोचले. चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. शिकवायचं कशात? स्पॅनिशमध्ये. वर्ध्याचा मराठी माणूस मेक्सिकोच्या शेतकऱ्यांच्या मुलांना मक्याचं बियाणं सुधारायला शिकवत होता, त्यांच्या भाषेत! शेतकऱ्यांसाठी मोफत शाळा काढल्या त्यांनी. दिएगो रिव्हेरा या मोठ्या चित्रकाराने सरकारी शिक्षण खात्याच्या भिंतीवर भाकरी वाटून खाण्याचं चित्र काढलं, त्यात खानखोज्यांना बसवलं. मायदेशी कायमचं परतता आलं ते स्वातंत्र्यानंतर. 1967 मध्ये नागपूरला ते वारले. भर उमेदीचं जे काम विदर्भाच्या मातीत व्हायचं, ते मेक्सिकोच्या मातीत झालं. मेक्सिकोचा फायदा झाला, याचा आनंदच आहे. पण आपलं काय राहून गेलं, याचा हिशेब कुणी मांडत नाही.

आणि उलटी वाहतूकही झाली. 1922 मध्ये फादर हेन्री हेरास नावाचे स्पॅनिश जेझुइट मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजात आले. कुठला इतिहास शिकवाल असं विचारल्यावर, भारताचा काहीएक ठाऊक नसताना, भारताचाच शिकवीन म्हणाले, असं सांगतात. 1926 मध्ये त्यांनी तिथे इतिहास संशोधन संस्था काढली, विजयनगरवर लिहिलं, सिंधू लिपीमागे लागले, आणि 1955 मध्ये मुंबईतच वारले. शिकवायला आलेला माणूस आधी विद्यार्थी झाला. मुंबईने त्यांना आपलं मानलं. संस्था आज त्यांच्या नावाने चालते. दरवाजा उघडायला आपल्याला जमतं, एवढंच यातून दिसतं.

शेवटी त्या मुलीचं सांगतो, कारण मघापासून पुढच्या रांगेतल्या काकू खुणावताहेत, की ती गेली का? गेली. पहिला महिना तासाला बसून काही कळेना. घरी फोन करून रडली. इथे पहिल्या पाचांत येणारी मुलगी तिथे पहिलीतल्या पोरासारखी शब्द जुळवत होती. दुपारचं जेवण अडीचला, रात्रीचं नऊनंतर, याचीही सवय करावी लागली. पण सत्राअखेर पाचही विषय सुटले, एकात 8 आले.

आणि परतल्यावर? तिच्या कॉलेजात सांगितलं, की दोन विषयांची नावं आपल्या अभ्यासक्रमाशी जुळत नाहीत. 1958 चं रोम नाहूरच्या मुलीला भेटलं! फरक एवढाच, की तिच्याकडे कागद होता. जाण्याआधी कुठल्या विषयाच्या बदल्यात कुठला धरायचा, याचा करार तिन्ही बाजूंनी सही करून ठेवला होता: ती, इथलं कॉलेज, तिथलं विद्यापीठ. तीन महिने खेटे घातले, शेवटी धरले. वर्ष वाचलं. आपल्याकडेही 2021 पासून क्रेडिट जमा ठेवायची राष्ट्रीय बँक झाली आहे, तेव्हा कार्यालयाचा दरवाजा हळूहळू उघडतो आहे असं म्हणू या.

म्हणून जमलेल्या पालकांना एकच सांगणं. मुलगा किंवा मुलगी निघाली की विमानतळावर फोटो काढा, जरूर काढा. पण त्याआधी तो सह्यांचा कागद बघा. आणि सहा महिन्यांनी ती परत येईल तेव्हा "काय काय आणलंस?" असं विचारून बॅग उघडू नका. "काय शिकलीस?" असं विचारून तासभर ऐका. कार्यालयाचा दरवाजा कागदाने उघडतो. घराचा आपल्यालाच उघडावा लागतो.

आपले नाहूर स्टेशन 2006 साली झालं. त्याआधी भांडुपला नाहीतर मुलुंडला उतरून यावं लागे, आठवत असेल. तेव्हा आपण स्टेशन मागत होतो ते काही फक्त जाण्यासाठी नाही. दमून भागून आलेल्या माणसाला आपल्या दाराशी उतरता यावं, म्हणून मागत होतो.

प्रश्न असतील तर विचारा.