फडताळातली नाचणी

येलहंका उपनगरातल्या आमच्या घरी दर्शनी कपाटात माल्टेड दुधाच्या पावडरीची काचेची बाटली असे आणि आतल्या फडताळात आईने केलेलं नाचणीचं सत्त्व. पाहुण्यांच्या मुलांपुढे बाटलीतलं पेय येई. सत्त्व आम्हा भावंडांना, तेही घरात बाहेरचं कुणी नसताना. बाटलीतलं ताकदीचं आणि नाचणी गरिबाची, असं आम्हाला कुणी मुद्दाम शिकवलं नव्हतं. तरी आम्हाला ते पक्कं माहीत होतं.

दोन्हींच्या मुळाशी कृती मात्र एकच. धान्य भिजवायचं, मोड आणायचे, वाळवायचं. मोड येताना धान्यातली विकरं पिष्टाचं विघटन करतात, म्हणून पेज पातळ होते आणि तान्ह्यांना पचते. याच ज्ञानावर जेम्स आणि विल्यम हॉर्लिक या इंग्रज भावांनी १८७३ मध्ये शिकागोत धंदा सुरू केला. १८८३ मध्ये त्यांना दूध घातलेल्या माल्ट पावडरीचं पेटंट मिळालं. पावडर मुळात तान्ह्यांची आणि आजाऱ्यांची. धडधाकट माणसाने ती का घ्यावी? १९३०च्या दशकात ब्रिटनमधल्या जाहिरातींनी त्यासाठी एक आजारच रचला : 'रात्रीची उपासमार'. झोपेत शरीर उपाशी राहतं, म्हणून सकाळी थकवा येतो, असं सांगितलं गेलं. आधी भीती विकली, मग तिच्यावरचा उतारा.

आपल्याकडे एप्रिल २०२४ मध्ये वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढायला सांगितलं. २००६च्या अन्न सुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक'ची व्याख्याच नाही. आमच्या कपाटातला मान इतक्या पोकळ शब्दावर उभा होता.

पण सगळा दोष जाहिरातींना देता येत नाही. नाचणीची पायरी त्यांच्याही आधी ठरली होती. येलहंक्याच्या केंपेगौडांनी १५३७ मध्ये बंगळूर वसवलं, त्याच शतकातल्या कनकदासांच्या 'रामधान्य चरित्रे'त तांदूळ आणि नाचणी श्रेष्ठत्वावरून भांडतात. राम दोघांना सहा महिने कोंडून ठेवतो. तांदूळ खराब होतो, नाचणी टिकते, आणि राम तिला आपलं राघव हे नाव देतो. त्यावरूनच रागी, असं काव्य सांगतं. तांदूळ वरच्यांचा, नाचणी कष्टकऱ्यांची, हा भेद कनकदासांनी उलटा केला. बाजूही त्यांनी घेतली, पण विकायला त्यांच्याकडे काही नव्हतं.

आता नाचणीचे दिवस पालटलेत. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, पॉलिशच्या तांदळात १०च्या आसपास. २०१८ मध्ये सरकारने भरडधान्यांना 'पोषक धान्य' म्हटलं, २०२३ हे संयुक्त राष्ट्रांचं भरडधान्य वर्ष झालं. त्या वर्षी माझ्या मुलीने रागी बिस्किटांचा पुडा आणला. पुढे नाचणीचं भरघोस कणीस. आईने चष्मा लावून मागची बारीक अक्षरं वाचली. घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात. पहिला मैदा, मग साखर, मग तेल, चौथी नाचणी.

"नाव नाचणीचं, पोट मैद्याचं," आई म्हणाली.

आता तरी सत्त्वाचा डबा दर्शनी कपाटात ठेव, असं मी तिला सुचवलं. तिने मान हलवली. तिथे दुपारचं ऊन येतं, म्हणाली, सत्त्व बिघडतं.